नागपूरच्या उन्हातला उतरता वॉश

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून समोरच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्याची भिंत दिसते. ती दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे. तिच्यावर वर्षानुवर्षांचे चुन्याचे हात आहेत, वरून अडीच फुटांचा लाकडी सज्जा पुढे आलेला आहे आणि खाली त्याच घराच्या पडवीचे कवेलू, म्हणजे कौले, पसरलेले आहेत. गेल्या सहा वर्षांत मी ही भिंत चाळीसेक वेळा तरी जलरंगात रंगवली असेल. त्यांतली पहिली दोन वर्षे मी सज्ज्याची सावली म्हणून राखाडी रंगाचा एक सपाट पट्टा ओढत असे, आणि तो पट्टा पाहून कुणालाही वाटावे की त्या भिंतीला कोणीतरी डांबर फासले आहे. रंग फिका करून पाहिला, तर फिके डांबर फासल्यासारखे दिसू लागले. माझे सगळे लक्ष तो रंग किती गडद असावा याकडे लागलेले होते. तो पट्टा वरपासून खालपर्यंत एकसारखा आहे आणि समोरची सावली मुळीच तशी नाही, हे मला दिसतच नव्हते.

वॉश म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा कागदावर दिलेला हात. सपाट वॉश आणि उतरता वॉश हे शब्द मात्र मी शाळेतच शिकले होते. इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी आमचे चित्रकलेचे सर निसर्गचित्राचे आकाश आमच्याकडून घोटून घेत, आणि ‘ग्रेडेड वॉश’ हे पुस्तकी नाव बाजूला ठेवून ते त्याला उतरता वॉश म्हणत. रंग गडदाकडून फिक्याकडे उतरतो आणि पाणीही कागदावरून खाली उतरते, त्यामुळे तो शब्द मला आजही दोन्ही अर्थांनी नेमका वाटतो. “रंगाले ओढू नका, पोरींनो, त्याले उतरू द्या,” असे ते म्हणत. आकाशाखेरीज आणखी कशाला उतरता वॉश लावायचा असतो, हे त्या वयात आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नाही. सावलीसाठी आम्ही काळ्या रंगात पाणी घालत असू आणि मोकळ्या होत असू.

ज्यांनी हा वॉश कधी लावलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत थोडी तपशिलाने सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ड्रॉइंग बोर्डाच्या मागच्या कडेखाली एक आडवी वीट ठेवली, की दहा-पंधरा अंशांचा उतार मिळतो. रंग ट्यूबमधून पॅलेटवर काढून ब्रशने थोडा थोडा कालवत बसायचे नाही. एका वाटीत भरपूर पाणी घेऊन आधीच पूर्ण कालवून ठेवायचा, आणि तो आपल्याला हवा वाटतो त्यापेक्षा एक पायरी गडद ठेवायचा, कारण जलरंग वाळल्यावर फिका पडतो. १२ नंबरचा गोल ब्रश रंगाने भरून कागदाच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढला, की उतारामुळे त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचे पाणी साठून राहते. हे साठलेले पाणी म्हणजे उतरत्या वॉशचा जीव. पुढच्या पट्ट्यासाठी ब्रश स्वच्छ पाण्यात एकदा बुचकळायचा, त्या साठलेल्या पाण्याला नुसता स्पर्श करून ते खाली आणायचे, आणि असे दर पट्ट्याला करत गेले की रंग आपोआप विरळ होत जातो. सर्वांत खाली जे पाणी उरते, ते पिळलेल्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचे. ते तसेच राहू दिले, तर वरचा भाग वाळायला लागल्यावर तेच पाणी उलटे वर चढते आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखी कडा असलेला डाग पडतो. मधेच एखादी जागा खटकली म्हणून ब्रश मागे नेला, तरी हाच डाग पडतो. मागे जायचे नाही, ही या वॉशची सर्वांत अवघड अट आहे, आणि माझ्यासारख्या, बँकेत हिशेब दोनदा तपासण्याची सवय लागलेल्या बाईला ती आणखीच अवघड जाते.

नागपुरात या रीतीला एक वेगळीच अडचण येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. अशा हवेत गच्चीवर बसून मी पहिला पट्टा ओढला, ब्रश पाण्यात बुचकळून परत आणला, तोपर्यंत त्या पट्ट्याची खालची कड वाळून ठाम रेघ झालेली होती. दुसरा पट्टा त्या रेघेखाली, तिसरा त्याखाली, असे करत जे आकाश तयार झाले, ते खिडकीच्या झडपेसारखे पट्ट्यापट्ट्यांचे होते. वाळणाऱ्या रंगाची कड अशी गडद का होते, याचे कारण पुढे वाचनात आले. थेंबाच्या कडेशी पाणी सर्वांत वेगाने उडून जाते, तिथली तूट भरून काढायला आतले पाणी कडेकडे धावते आणि येताना रंगाचे कणही ओढून आणते. चहाचा कप ठेवलेल्या जागी जे तपकिरी वर्तुळ उरते, ते याच कारणाने. शिकागोतल्या संशोधकांनी १९९७ साली हे नीट उलगडून दाखवले. हवा जितकी कोरडी, तितकी ही धावपळ लवकर संपते, आणि चित्रकाराला मिळणारा वेळ तितकाच कमी होतो.

यावर मी बरेच उपाय केले. रंगाच्या पाण्यात ग्लिसरिनचे दोन-तीन थेंब टाकले, की वाळणे लांबते. पण थेंब जास्त पडले तर कागद चिकट राहतो आणि पावसाळ्यात तर त्या चित्राला बोट लावायची सोय उरत नाही. कागद उलटा करून त्याची पाठ ओल्या स्पंजने पुसून घेतली, की खालून ओलावा मिळत राहतो. हा उपाय बिनखर्ची आहे आणि मला तो सर्वांत पटला. ब्रश मोठा घेतला, तर पट्टे कमी ओढावे लागतात. पण खरा उपाय अगदी घरातच होता आणि तो मला चौथ्या उन्हाळ्यात सापडला. नागपूरच्या प्रत्येक घरात मार्चपासून जून उजाडेपर्यंत कूलर चालू असतो. त्याच्या ओल्या वाळ्यांतून आलेली हवा थंड असते तशी दमटही असते. कूलरच्या खोलीत, पण त्याच्या झोतापासून बाजूला, खिडकीशी बोर्ड ठेवला, की वॉश गच्चीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ओला राहतो. झोतात बसले, तर मात्र उलटेच होते. तेव्हापासून माझी उन्हाळ्यातली सगळी ऊनभरली चित्रे कूलरच्या खोलीत झालेली आहेत, आणि हे ऐकून लोक हसतात.

कागदाविषयी एवढेच सांगते की उतरत्या वॉशसाठी ३०० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅमपेक्षा, हलका कागद घेतला, तर पाण्याने तो लाटांसारखा फुगतो आणि रंग त्या लाटांच्या खळग्यांत जाऊन बसतो. सुती कागद महाग पडतो, पण तो पाणी सावकाश पितो. पावसाळ्यात साठवणीतल्या कागदावरची सरसाची झिलई दमट हवेने ठिकठिकाणी जाते, आणि वॉश लावल्यावरच तिथे टीपकागदावर पसरलेल्या शाईसारखे ठिपके उमटतात. त्यामुळे माझे कागद आता गव्हाच्या कोठीसारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात.

आता सावलीकडे येते. त्या भिंतीवरची पडछाया मी वर्षभर दर पंधरवड्याला दुपारी पाहिली आणि वहीत मोजमापे लिहून ठेवली. नागपूर सुमारे २१ अक्षांशावर आहे, म्हणून डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जवळजवळ नेमका ४५ अंश उंचीवर असतो. त्या वेळी अडीच फुटांच्या सज्ज्याची पडछाया भिंतीवर अडीच फूटच उतरते. मार्चच्या २१ तारखेला तीच साडेसहा फुटांपर्यंत खाली येते. मेच्या २६ तारखेच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडच्या शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि सज्ज्याखालची सगळी भिंत सावलीत जाते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असल्यामुळे त्या भिंतीला दुपारचे ऊन मिळतच नाही.

हे सगळे ब्रश धरणाऱ्याला कशाला हवे, तर पडछायेच्या कडेसाठी. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून कोणत्याही सावलीची कड थोडी पसरट असते, आणि हा पसरटपणा सावली पाडणाऱ्या वस्तूपासूनच्या अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतका भरतो. डिसेंबरात सज्ज्याच्या पडछायेची कड भिंतीवर जेमतेम दीड सेंटिमीटर पसरते, तर मार्चमध्ये किरण लांबून आणि भिंतीला घासून येत असल्यामुळे ती पाच-साडेपाच सेंटिमीटर होते. दहा फुटांची भिंत मी कागदावर २० सेंटिमीटर उंच काढते. त्या मापात डिसेंबरची कड एका मिलिमीटरची, म्हणजे धारदारच राहते. मार्चची साडेतीन मिलिमीटरची होते, आणि ती ओलसर ब्रशने विरवावीच लागते. मी पूर्वी बाराही महिने तीच धारदार कड काढत होते, आणि माझ्या मार्चच्या चित्रांत ऊन का लागत नाही याचा विचार करत बसत होते.

कडुनिंबाची गंमत आणखी निराळी. आमच्या अंगणातल्या झाडाचा शेंडा त्या भिंतीपासून आठ-दहा मीटर लांब आहे, म्हणून त्याच्या पानांची कड नऊ-दहा सेंटिमीटर पसरते. कडुनिंबाचे पान त्याहून कितीतरी अरुंद, तेव्हा भिंतीवर पानाचा आकार उरतच नाही. पानांमधल्या फटींतून जे कवडसे पडतात, ते फटींच्या आकाराचे नसून सूर्याच्या आकाराचे, गोल असतात. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी खंडग्रास ग्रहण लागले, तेव्हा त्या भिंतीवर कवडशांऐवजी चंद्रकोरींची रांग उमटली होती. त्याच वर्षी मी वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा ब्रश हाती घेतला होता. त्या चंद्रकोरी मी रंगवू शकले नाही, नुसती पाहत राहिले. पण तेव्हापासून कडुनिंबाच्या सावलीत मी एकही पान काढलेले नाही.

सावलीचा रंग हा त्याहून मोठा विषय आहे. भिंतीच्या उन्हातल्या भागावर सूर्याचा पिवळसर उजेड पडतो. सावलीच्या भागावर तो पडत नाही, पण आकाशाचा निळा उजेड पडतो, आणि खाली तापलेल्या कवेलूंवरून परतलेला तांबूस उजेडही पडतो. सज्ज्याच्या अगदी खालच्या पट्टीला सज्जा स्वतःच आकाश झाकून टाकतो, म्हणून तिथे निळा उजेड कमी पोहोचतो आणि कवेलूंचा तांबूसपणा वरचढ ठरतो. जसजसे खाली यावे, तसतसे आकाश जास्त दिसू लागते आणि सावली निळसर व फिकी होत जाते. म्हणजे ही एकच सावली वरून खाली येताना टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, बदलते आणि रंगही बदलते. नेमके हेच काम उतरता वॉश करतो. माझ्या सपाट राखाडी पट्ट्यात यांतले काहीच नव्हते.

पहिल्यांदा मी असे निळसर उतरणारे चित्र केले, तेव्हा सासूबाई बराच वेळ ते हातात धरून बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, “भिंत तर पांढरी आहे, मग तू निळी काहून केली?” मी त्यांना गच्चीवर नेले, एका पांढऱ्या कागदाला छोटे भोक पाडून दिले आणि त्यातून सावलीचा तेवढाच तुकडा पाहायला सांगितला. त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, “नीळ जास्त झाली असंन चुन्यात.” यावर मी हसले खरी, पण त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. चुना अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात नीळ घालायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि कपड्यांना वापरतात ती नीळ व माझ्या पॅलेटमधला अल्ट्रामरीन निळा हे मुळात एकच द्रव्य आहे. एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडापासून हा रंग काढत आणि तो सोन्याच्या मोलाने विकला जाई. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे या रसायनतज्ज्ञाने तो कृत्रिमरीत्या बनवण्याची कृती दाखवली, आणि मग तो इतका स्वस्त झाला की धुण्याच्या बादलीत जाऊन पोहोचला. ज्या रंगाने मी सावली काढते, तोच रंग त्या भिंतीत आधीपासून मुरलेला आहे, हे त्या दिवशी सासूबाईंमुळे लक्षात आले.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ही जोडी मी सावल्यांसाठी कायम वापरते. बर्न्ट सिएना ही भाजलेली लोहयुक्त माती, तिचा रंग नारिंगीकडे झुकणारा तपकिरी. निळा आणि नारिंगी एकमेकांना मारतात, म्हणून दोन्ही समसमान घेतले तर करडा रंग मिळतो आणि कोणत्याही एकाचे प्रमाण वाढवून तो करडा उबदार किंवा थंड करता येतो. त्या सज्ज्याच्या सावलीसाठी मी दोन वाट्या करते. पहिलीत सिएना जास्त आणि पाणी कमी. दुसरीत अल्ट्रामरीन जास्त आणि पाणी बरेच. पहिला पट्टा पहिल्या वाटीतून, आणि नंतर प्रत्येक पट्ट्याला ब्रश दुसऱ्या वाटीत बुडवायचा. अल्ट्रामरीनचे कण एकत्र गोळा होऊन कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर सावलीत एक बारीक दाणेदारपणा येतो. जुन्या चुन्याच्या भिंतीला तो फार शोभतो. फ्थॅलो निळा घेतला, तर हा दाणा मिळत नाही, वर तो कागदाला असा धरतो की नंतर पाण्याने उचलताही येत नाही. काळा रंग माझ्या पॅलेटमध्ये आहे, पण त्याची ट्यूब गेली चार वर्षे तशीच आहे.

सपाट भिंतीवर हात बसल्यावर मी गोलाकाराकडे वळले. गोलाचा सराव म्हणून समोर संत्रे ठेवण्याचा मोह नागपुरात कोणालाही होतो, पण त्याच्या सालीवरचे खळगे उजेड तोडत राहतात आणि वॉश कळण्याऐवजी साल रंगवण्यातच वेळ जातो. माझ्या मते या शहरात गोल शिकण्यासाठी दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या घुमटासारखी दुसरी जागा नाही. २००१ साली लोकार्पण झालेला तो पांढरा, आतून पोकळ घुमट हिवाळ्यातल्या सकाळी नऊच्या सुमारास पाहावा. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली, आणि मधे कुठेही रेघ नाही.

तिथे मला पहिली चूक कळली ती उतरत्या वॉशच्या वेगाची. मी उजेडाकडून सावलीकडे रंग सारख्या पायऱ्यांनी गडद करत गेले आणि घुमट पाण्याच्या टाकीसारखा दिसू लागला. योहान हाइनरिख लॅम्बर्ट याने १७६० साली मांडलेला नियम असा की पृष्ठभागावरचा उजेड किरणांच्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी होतो. त्याचा हिशेब घुमटावर केला, तर सूर्याच्या अगदी समोरच्या बिंदूपासून ३० अंश सरकले तरी उजेड फक्त १३ टक्क्यांनी घटतो, ६० अंशांवर तो निम्मा होतो, आणि राहिलेला निम्मा शेवटच्या ३० अंशांत झपाट्याने संपतो. म्हणजे घुमटाचा मोठा भाग जवळजवळ कोरा कागदच ठेवायचा आणि रंगाची सगळी उतरण थोड्या जागेत आणायची. वॉश लावताना मी बोर्ड आडवा फिरवते, म्हणजे उजेडाची बाजू वर येते. तिथून नुसत्या स्वच्छ पाण्याने सुरुवात करून, अर्धा घुमट ओलांडेपर्यंत ब्रशला रंगाचा जवळजवळ स्पर्शही होऊ न देता, मग एकदम तीन-चार पट्ट्यांत रंग भरते.

त्यापुढची खुबी सावलीच्या पलीकडच्या कडेला आहे. घुमटाचा सर्वांत गडद भाग हा त्याची शेवटची कड नव्हे. उन्हात न्हालेल्या फरशीवरून उजेड उसळून घुमटाच्या सावलीतल्या खालच्या अंगाला लागतो, आणि तिथे सावली पुन्हा किंचित उजळते. हा परावर्तित उजेड दाखवण्यासाठी वॉश ओला असतानाच पिळलेल्या ब्रशने तिथला रंग टिपून घ्यावा आणि त्या जागी यलो ऑकरचा, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाचा, एखादा हलका स्पर्श द्यावा. तो नको तितका उजळ केला, तर घुमट काचेचा वाटू लागतो. हा मोह मला दर वेळी होतो. मागे आकाशाचा वॉश असतो, तोही उतरताच; त्यामुळे उजेडाच्या बाजूला घुमट आकाशापेक्षा उजळ आणि सावलीच्या बाजूला आकाशापेक्षा गडद दिसतो, आणि मधे एका जागी दोघांचा टोन इतका जुळतो की कड नाहीशी होते. पूर्वी मी तिथे पेन्सिलीची रेघ ओढून घुमट वाचवत असे. आता ती कड मी हरवू देते.

उतरणीचा असाच वेग मी एकदा दुसऱ्याच्या चित्रात पाहिला. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिच्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती, आणि पुष्कळ लोक ते चित्र चुकून राजा रविवर्मा यांचे समजतात. ते जलरंगात आहे, हे पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय पटत नाही. दिव्याचा उजेड सूर्यासारखा दुरून सारखा येत नाही. ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की तो चौथाई होतो. त्यामुळे ज्योत झाकणाऱ्या तळहाताची बोटे तापल्यासारखी लाल, चेहरा सोनेरी, आणि पदर खाली जाता जाता अंधारात मिसळलेला, असे सगळे हातभर अंतरात घडते. मी त्या चित्रासमोर उभी राहून पट्टे कुठे जोडले असतील ते शोधत होते. एकही सापडला नाही.

फुटाळा तलावाच्या काठावर मला दोन वॉश एकमेकांशी बांधायला मिळाले. सूर्य मावळतो त्या बाजूला झाडी आहे, अलीकडे आपण, मधे पाणी. आकाश डोक्यावर गडद आणि क्षितिजाशी फिके असते, कारण क्षितिजाकडे पाहताना नजरेला जास्त जाडीची, धूळभरली हवा ओलांडावी लागते. पाण्याचे याच्या उलट असते. दूरच्या पाण्यावर नजर तिरकी पडते आणि ते आरशासारखे आकाश परत पाठवते. पायाजवळच्या पाण्यात नजर उभी शिरते, आरसा कमजोर होतो आणि पाणी गडद दिसते. म्हणून आकाशाचा वॉश वरून उतरता लावायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, बोर्ड उलटा करायचा आणि पाण्याचा वॉशही तसाच, आता वर आलेल्या खालच्या कडेपासून क्षितिजाकडे उतरता लावायचा. दोन्ही वॉश मधे जिथे फिके होऊन भेटतात, तिथे मावळतीचा उजेड आपोआप उरतो. त्यासाठी पिवळा रंग ओतावा लागत नाही.

पहिला वॉश वाळण्याची वाट पाहत मी बसले असताना शेजारचा चहावाला येऊन उभा राहिला. “ताई, वरचं तर झालं, खालचं काहून सोडून दिलं जी?” मी कारण सांगितले. तो म्हणाला, “मग घरून केस वाळवायचं यंत्र आणत जा ना.” सूचना वाईट नाही, बरेच जण ते वापरतातही. मात्र कागदावरची ओली चकाकी जाण्याआधी गरम झोत मारला, तर रंग ढकलला जातो आणि उतरण मोडते. चकाकी गेल्यावर मारला तर चालतो. फुटाळ्याच्या काठावर ते यंत्र लावायचे कुठे, हा प्रश्न वेगळा.

गेल्या दिवाळीआधी समोरच्या काकूंनी मुलाच्या लग्नासाठी ती भिंत खरवडून घेतली आणि तिला अबोली रंगाचा प्लास्टिक पेंट दिला. काकूंनी मोठ्या हौसेने विचारले, “कशी दिसते तुमच्या चित्राची भिंत?” मी छान म्हटले, आणि लग्नाच्या घराला ती खरोखरच छान दिसत होती. पण सावली पार बदलली आहे. अबोली रंग आकाशाचा निळा उजेड गिळून टाकतो, त्यामुळे सज्ज्याखालचा भाग आता विटकरी दिसतो आणि खाली उतरता उतरता तो निळा न होता मळकट जांभळ्याकडे जातो. माझ्या दोन वाट्यांनी हे साधत नाही. आधी सगळ्या भिंतीला अबोलीचा सपाट हात देऊन, तो रात्रभर वाळवून, त्यावर सावलीचा उतरता वॉश पारदर्शक लावून पाहिला. पण खालचा अबोली रंग पाण्याने थोडा सुटला आणि सावलीत मिसळून चिखल झाला. आता अबोलीसाठी कागदाला घट्ट धरणारा क्विनॅक्रिडोन नावाचा रंग आणला आहे, आणि वरचा वॉश मोठ्या मऊ मॉप ब्रशने, एकदाच, न घासता लावायचा आहे. डिसेंबरची २१ तारीख जवळ आली आहे. त्या दुपारी सावली पुन्हा अडीच फुटांवर, धारदार कडेने थांबेल, म्हणून सुरुवात तेव्हाच करायची असे ठरवले आहे.